मंजूच्या आईची उजळणी

लहान मुलांच्या आठवणींची माझ्या धाकट्या भावाच्या सासऱ्यांइतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतका विसरभोळाही झाला नसेल. मी हिशेबाचा माणूस आहे. एका जिनिंगमध्ये खतावण्या सांभाळण्यात माझी उमर गेली, त्यामुळे 'अख्ख्या जिल्ह्यात' असं मी सहसा म्हणत नाही. सगळा जिल्हा मी पाहिलेला नाही. कड्याला तर एका लग्नापुरताच गेलो आहे. पण या एका माणसाच्या बाबतीत मी बेधडक विधान करतो. भावाच्या सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात, म्हणून ते आम्हा सगळ्यांचे मामा. राहायला पालीला, धरणाजवळ; भांड्यांचं दुकान बीडला. कपाळावर भस्माचे पट्टे, स्वच्छ धोतर, आणि हाताला कायम भांडी घासायच्या चिंचेचा वास. आपल्या थोरल्या मुलाला हाक मारायची तर आधी घरातल्या दोघातिघांची नावं घेऊन मग त्याच्यावर यायचे. जेवणाचा डबा तर ते एस.टी.त विसरायचेच. पण तो हरवायचा मात्र कधीच नाही, कारण डब्यावर त्यांचं नाव, बापाचं नाव, गाव, दुकान आणि 'सापडल्यास आणून देणे' एवढं सगळं त्यांनी स्वतः ठोकून कोरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कंडक्टर डबा आणून द्यायचा आणि मामा म्हणायचे, "बगा. मी इसरलो, पर डबा इसरला का?"

भांड्यावर नाव घालणं हा त्यांचा खरा धंदा होता. भांडी विकणं हे निमित्त. नव्वदच्या पुढेमागे बीडला नाव घालायची विजेची मशीन आली. करकर करत दोन मिनिटांत नाव काढायची. मामांच्या थोरल्यानं ती आणली आणि मामांनी ती कधी हातात धरली नाही. "ते नुसतं खरवडतंय," म्हणायचे. "ठोकलेलं टिकतं." छोटी हातोडी आणि छिन्नी घेऊन ठिपक्याला ठिपका जोडत ते अक्षर उठवत. पैसे अक्षरावर असत. गिऱ्हाईक सांगे, 'सौ. कमल हिस भावाकडून' एवढंच घाला. मामा तेवढ्याचेच पैसे घेत. पण विचारून विचारून माहिती काढत आणि पातेल्याच्या काठावर लग्नाचं गाव, तिथी, मुहूर्त किती उशिरा लागला आणि तेव्हा पाऊस होता की नव्हता, हेही फुकट कोरून देत. एका बाईच्या परातीवर 'नवरदेव घोड्यावरून पडला' असं मी स्वतः वाचलं आहे. थोरला कपाळाला हात लावून गल्ल्यावर बसे. मात्र एक नियम दुकानात पहिल्यापासून होता आणि तो मामांनीच घातलेला होता. नाव चुकलं, तर गिऱ्हाइकाला दुसरं भांडं द्यायचं आणि चुकलेल्या भांड्याचे पैसे ज्याच्या हातात हातोडी होती त्यानं गल्ल्यात भरायचे. स्टीलवरचा ठिपका पुसता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

या धंद्यातूनच त्यांचा पोरांच्या आठवणींबद्दलचा सिद्धांत निघाला होता. तो त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितला असेल. पन्नास हा अंदाज आहे, पण कमीच धरला आहे. "पोराचं डोकं म्हंजे भांडंच हाय," ते म्हणायचे. "चार वरसापातूर जर्मनचं, अल्युमिनचं. ठोकलं की चेपतं, अक्षर न्हाई ऱ्हात. पुढं पितळ होतंय. अन् दुधाचे दात पडले की स्टील. मंग ठोका काय ठोकायचं ते." दुधाच्या दातांबरोबर दुधातल्या आठवणीही गळून पडतात, त्या पडायच्या आत पोराला पुन्हा सांगून नव्यानं ठोकाव्या लागतात, नाहीतर गेल्या, असा त्यांचा पक्का हिशेब होता. त्यामुळे लग्नकार्यात कुणाचंही पोर समोर आलं की मामा त्याला पकडत आणि म्हणत, "आ कर." पोरगं आ करी. मामा दात मोजत आणि मग मागच्या दिवाळीत काय खाल्लं, आजोळी म्हैस होती की गाय, असे प्रश्न विचारत. एका लग्नात वऱ्हाडातल्या दोन आयांनी त्यांना दातांचे डॉक्टर समजून आपलीही मुलं रांगेत उभी केली होती. उत्तर बरोबर आलं की धोतराच्या सोग्यातून गुळाचा खडा निघे. गूळ जिभेवर असताना जे कळतं ते जन्मभर राहतं, हे त्या सिद्धांतातलं पोटकलम.

माझ्या मुलावरही त्यांनी प्रयोग केला. एका वर्षी बिंदुसरा नदीचं पाणी मामांच्या दुकानात शिरलं होतं आणि घागरी, कळश्या रस्त्यावरून तरंगत गेल्या होत्या. ती गोष्ट ते माझ्या मुलाला गूळ देऊन देऊन सांगत. पुढे मुलगा शाळेत सांगू लागला की मी काउंटरवर उभा होतो आणि एक तांब्या माझ्या हातातून निसटला. मास्तरांनी निबंधाला चांगला शेरा दिला. मी मामांना म्हणालो की, पाणी शिरलं त्यानंतर दोन वर्षांनी हा जन्मला आहे. मामांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. "मंग काय झालं? ध्यानात हाय न त्याच्या?" ते म्हणाले. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

नंतर हसण्यासारखं काही राहिलं नाही. त्यांची लेक, म्हणजे माझ्या भावाची बायको गिरिजा, काविळीनं गेली. तिची मुलगी मंजू तेव्हा साडेतीन वर्षांची होती. वर्षभरानं माझ्या भावानं दुसरं लग्न केलं. त्यात कुणाची चूक नव्हती; खताचं दुकान, घरात लहान पोर, आईही आमची तोवर गेलेली. नवी भावजय शांत आणि भली निघाली. मामा त्या लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि पंगत उठल्यावर माझ्या भावाला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "माजं काई म्हणणं न्हाई. फकस्त पोरीचे दात पडूस्तोर मला येऊ द्या. तिला आई ध्यानात ऱ्हायली पाहिजे."

तेव्हापासून ते दर बाजाराच्या दिवशी पालीहून आमच्याकडे वडवणीला येऊ लागले. आमचं घर एकत्र, त्यामुळे पुढची दोन-अडीच वर्षं जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. मामा आले की मंजूला मागच्या दारी घेऊन बसत. फळीवरून गिरिजाच्या लग्नातली भांडी काढत आणि तिचं बोट धरून ठिपक्यांवरून फिरवत. मंजूला अक्षरओळख नव्हती तेव्हापासून डोळे मिटून, नुसत्या बोटानं 'सौ. गिरिजा' वाचता येई. मग उजळणी. आईला काय आवडायचं? शेंगदाण्याची पोळी. आई कुठल्या कुशीवर झोपायची? डाव्या. आईच्या पायाला काय झालं होतं? विंचू चावला होता, लहानपणी, धरणावर. पोरं पाढे म्हणतात तशी मंजू आई म्हणायची, आणि गूळ घ्यायला हात पुढे करायची.

सांगून भागत नसे तेव्हा मामा करून दाखवत. गिरिजा कळशी घेऊन कशी चालायची हे दाखवायला हा साठीचा माणूस धोतराचा काचा मारून, कळशी कमरेवर घेऊन, मागच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लचकत चालत यायचा. शेजारच्या बायका हातातलं काम टाकून भिंतीवरून बघायच्या. एकीनं विचारलंही की मामा, हंडा कधी घेणार डोक्यावर. मामा हसायचे नाहीत. मान वळवून, पदर सावरल्यासारखं करून पुढे जायचे. माझी नवी भावजय चहा घेऊन उभी असे. तीही कधी हसली नाही. एकदा एवढंच म्हणाली, "मामा, कळशी डाव्या कमरेवर घ्या. उजवा हात मोकळा लागतो बाईला." मामांनी क्षणभर विचार केला, कळशी डावीकडे घेतली, आणि पुन्हा मागच्या दारापासून सुरुवात केली.

त्यांचा एकच वैरी होता, तो म्हणजे टीव्ही. आमच्या गल्लीत तेव्हा नुकतीच केबल आली होती. मामा एक गोष्ट महिनाभर घोटून घेत, आणि धुण्याच्या पावडरीची जाहिरात मंजूला एकदा ऐकून चालीसकट पाठ होई. "ह्ये डबडं बिनहातोडीचं कसं ठोकतंय?" असं त्यांनी मला खरोखर चिंतेनं विचारलं होतं. मुलांच्या डोक्यात काय राहावं हे मुलांना विचारून ठरत नाही आणि मोठ्यांना विचारून तर त्याहून नाही, एवढं मला आता वाटतं. मंजूला त्या वयात शेजारच्या करडाच्या कपाळावरचा भोवरा कुठल्या बाजूला होता हे आठवे. स्वतःच्या बारशाला आलेल्या आत्याचं नाव आठवत नसे.

एका बाजाराच्या दिवशी, मंजू तेव्हा पाच वर्षांची असेल, मामांनी नवा प्रश्न काढला. आई भांडी घासताना काय करायची? उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं, की भजन म्हणायची; पालीच्या घरी ती म्हणायचीच. मी पलीकडे पेपर वाचत होतो. मंजू म्हणाली, "शीळ वाजवायची."

मामांचा गुळाचा हात थांबला. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई, आबा. मला दिसतंय. आई हितं बसून भांडी घासायची अन् शीळ वाजवायची. आजी आली की बंद करायची."

"तुजा बाप वाजवत आसंल."

"बापू कुठं भांडी घासतात?" मंजू म्हणाली, आणि मला पेपर तोंडापुढे धरावा लागला.

मामा मात्र गंभीर झाले. "बायामाणसं शीळ वाजवत न्हाईत, बाळ. अन् गिरिजा तर न्हाईच न्हाई. मी बाप हाय तिचा. मला ठाव न्हाई व्हय?"

त्या संध्याकाळी मी भावाला विचारलं. तो म्हणाला, मी दिवसभर दुकानात, मला कुठून ऐकू येणार. जिनं ऐकलं असतं ती आमची आई हयात नव्हती. माझी बायको म्हणाली की गिरिजा भांडी घासायला बसली की मी पुढल्या दारी असायचे, तेव्हा छातीठोक सांगता येत नाही. साक्षीला कोणीच नव्हतं. मामांचा शब्द आणि पाच वर्षांच्या पोरीचं 'मला दिसतंय' एवढंच. मामांच्या लेखी तर ते चुकलेलं अक्षर होतं, आणि पोरगी स्टीलची व्हायच्या आत ते दुरुस्त होणं भाग होतं. पुढचे कितीतरी बाजार त्यांनी तोच प्रश्न विचारला. मंजू 'शीळ' म्हणे. मामा मान हलवत, रागावत नसत, फक्त गूळ सोग्यातच राही. मग मंजू नुसतीच गप्प बसू लागली. आणि एक दिवस तिनं 'भजन म्हणायची' असं म्हणून हात पुढे केला. मामांनी त्या दिवशी तिला नेहमीपेक्षा मोठा खडा दिला.

सातव्या वर्षी तिचे पुढचे दात पडून नवे आले. मामांनी आ करायला लावून नीट पाहिलं, सगळी उजळणी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतली. मंजू कुठे अडली नाही. "पक्कं झालं," ते मला म्हणाले. "आता मी न्हाई आलो तरी चालतंय." आणि खरंच, त्यानंतर ते सणावारीच येऊ लागले.

मंजू बारा वर्षांची असताना त्यांच्या दुकानात शमीम नावाची एक बाई आली. तिचे वडील पूर्वी पालीला सीताफळाचा मळा राखत, आता भाऊ बीडला फळांचा गाडा लावतो. धाकट्या भावाच्या लग्नासाठी तिला पातेल्यांवर नावं घालून हवी होती. मामा ठोकत होते आणि सवयीनं खोदून विचारत होते. ती गिरिजाची लहानपणची मैत्रीण निघाली. हे मी मामांच्या थोरल्याकडून ऐकलेलं सांगतो आहे. मी तिथे नव्हतो. शमीम म्हणाली, "चाचा, गिरिजाची शीळ अजून कानात हाय माज्या. धरणाच्या पाळीवरून वाजवायची, आमच्या मळ्यापातूर ऐकू यायची. मलाबी तिनंच शिकवली."

मामा म्हणाले, दुसरी कुणी असेल.

"दुसरी कशाला? तुमाला मालूमच न्हाई?" ती म्हणाली. "कसं मालूम आसंल. तुमची चाहूल लागली की आमी दोघी चिडीचूप. सासरी गेली तवा मला म्हणली, आता भांडी घासताना तेवढी वाजवते, कुणी नसलं की."

मामा उठले आणि दुकानाबाहेर पडले. वडवणीच्या गाडीत बसले. तो बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळे ते दारात दिसले तेव्हा आम्हाला वाटलं, कोणीतरी गेलं. त्यांच्या हातात हातोडी तशीच होती, एस.टी.तून ते ती घेऊनच आले होते. मंजू ओसरीवर भूगोलाचा नकाशा भरत होती. ते तिच्यासमोर खाली बसले.

"बाळ, तू म्हणली होतीस, आई शीळ वाजवायची."

मंजूनं पेन्सिल थांबवली. "मी? कधी?"

"ल्हान होतीस तवा. भांडी घासताना. तुला दिसायचं."

मंजूनं मनापासून आठवून पाहिलं. ती तशी प्रामाणिक मुलगी. मग म्हणाली, "न्हाई आबा. आई भांडी घासताना भजन म्हणायची." आणि जुन्या सवयीनं तिचा हात थोडासा पुढे आला. मामांनी सोगा चाचपला. गूळ नव्हता. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "खरं व्हतं ते एकटं तिचं व्हतं. बाकी समदं माजंच."

माणूस मात्र चिवट. आपण शीळ वाजवली तर पोरीला काहीतरी हलेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. तोवर त्यांना कवळी बसलेली होती. कवळी घालून फुंकलं की कवळी बाहेर यायची, आणि काढून फुंकलं की नुसता भाता. दुकानात बसून ते दुपारभर फुंकत. थोरला म्हणायचा, गिऱ्हाईक समजतं बाबा दूध निववतायत. ते वडवणीला येऊन मागच्या दारी, त्याच जागी, पुढ्यात भांडी घेऊन घासायला बसत आणि ओठ गोल करून फुसफुस करत. मंजूला हसू आवरत नसे. हसता हसता ते मध्येच थांबून विचारत, "आलं का काई ध्यानात?" ती नाही म्हणे. एकदा त्यांनी शमीमलाच घेऊन यायचा घाट घातला. ती बिचारी आली, बुरखा मागे सारून तिनं दोन बोटांनी अशी शीळ घातली की शेजारची कुत्री उठली. मंजूनं ऐकून घेतलं, छान आहे म्हणाली, आणि मग बरोबर उत्तर कोणतं ते कळावं म्हणून आबांकडे पाहिलं. मामा त्यानंतर शीळ वाजवायच्या फंदात पडले नाहीत.

मंजूला पुढच्या शाळेत घातलं तेव्हा त्यांनी एक तांब्या आणून दिला. वयामुळे ठिपके सरळ आले नव्हते. तांब्यावर तारीख नव्हती, गाव नव्हतं, कोणाकडून कोणास हेही नव्हतं. ज्यानं परातीवर नवरदेवाला घोड्यावरून पाडलं त्याच्या हातचं एवढं कमी अक्षरांचं काम मी पाहिलं नव्हतं. 'गिरिजा शीळ वाजवायची.' एवढंच. थोरल्यानं नंतर मला सांगितलं की त्या तांब्याचे पूर्ण पैसे मामांनी स्वतःच्या खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवले होते. तो म्हणाला, बाबा, घरच्या तांब्याला पैसे कशाला? मामा म्हणाले, "चुकलेल्या भांड्याचे हायत. दुकानाचा नियम हाय."

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. परवा मंजू सुट्टीला घरी आली होती, कॉलेजात आहे. ती मागच्या दारी त्या तांब्यात पाणी घेऊन तोंड धूत होती. माझं अंदाजावर भागत नाही, म्हणून मी तिला सरळच विचारलं की बाळ, कुणी सांगितलेलं सोडून, तुला स्वतःला आईचं काय आठवतं?

तिनं तांब्या खाली ठेवला. ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिली.

"खरं सांगू काका? आईचं काहीच आठवत नाही," ती म्हणाली. "मी आईला आठवायला लागले की मला आबाच दिसतात. धोतराचा काचा मारून, कळशी घेऊन, त्या दारातून येताना."

मी विचारलं, कुठल्या कमरेवर?

"डाव्या," मंजू म्हणाली.